चौदा पावलं

१

आमच्या शेडमध्ये मोटर एकच आहे. भिंतीवर एक हिरवं बटन, एक लाल. हिरवं दाबलं की छताखालचा लांब शाफ्ट फिरायला लागतो, त्यावरून खाली आलेले पट्टे फिरतात, आणि लेथ, ड्रिल, करवत अशी तिन्ही यंत्रं एकदमच चालू होतात. एक चालू आणि दोन बंद, असं जमत नाही. ही रचना जुन्या काळची. आता प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर असते हे मलाही कळतं. ‘यंदा दिवाळी झाली की बदलून टाकू’ असं मी चार दिवाळ्या म्हणत आलो होतो.

मेडशीला एसटी थांब्याच्या थोडं पुढे आमचं हे वर्कशॉप. थ्रेशर, पेरणीयंत्र, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे मोडेल ते इथे येतं. सुरू केलं मारोतरावकाकांनी. ते थकले, लेकीकडे आसेगावला गेले आणि शेड माझ्या गळ्यात पडली. शेडसोबत काकांचा एक नियमही पडला.

बटनाला हात लावण्याआधी बटनापाशी उभ्या असलेल्या माणसाने ओरडायचं, “हात?” मग शेडमधल्या प्रत्येकाने दोन्ही हात डोक्यावर उचलायचे आणि ओरडायचं, “मोकये!” मोकये म्हणजे मोकळे. हात दिसले की मग बटन.

शेडच्या मधोमध पत्र्याचा एक आडोसा आहे, माझ्या कपाळाएवढा उंच. वेल्डिंगचा झगझगाट लेथवरच्या माणसाच्या डोळ्यांना लागू नये म्हणून काकांनीच तो लावला. आडोशामागे लेथ. तिथल्या माणसाने हात पत्र्याच्या वर दिसतील इतके उचलायचे, एवढंच.

बाकी आम्ही तिघं. मी सतीश, बटनापाशी. देवानंद वेल्डिंग आणि ड्रिलवर, वय पंचावन्न, तोंड फटकळ. आणि आडोशामागे लेथवर रंजीता. वाशिमला आयटीआय केलेली, वय पंचवीस, आणि तिच्यासारखा हात मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिच्या तांड्यावरची अर्धी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तिची आई रुपाबाई सव्वीस हंगाम गेली. रंजीताला कामावर ठेवलं त्या दिवशी रुपाबाई तिच्यासोबत आली होती. माझ्यासमोर लेकीचे दोन्ही हात धरून म्हणाली, “भाऊ, ह्या हातात मी कोयता येऊ देल्ला नाई. आता तुमच्या हवाली हायेत.”

मी म्हटलं, “माही जबाबदारी.” बोलायला काय जातं!

२

हात उचलायची सवय कशी सुटली ते मला नीट आठवतं. देवानंदचा खांदा धरला. “हात वर जात नाई ना, भाऊ. तोंड तं चालते माहं,” तो म्हणाला. मी म्हटलं, बरं. दिवसातून दहा-बारा वेळा लाइट जाते, दहा-बारा वेळा मोटर चालू करावी लागते. देवानंद नुसता ओरडायला लागला. रंजीता महिनाभर हात उचलत राहिली, मग तिनेही सोडलं. मी काही बोललो नाही. दोन आवाज आले की मी बटन दाबायचो. देवानंदचा खरखरीत, रंजीताचा शेवटी लांबवलेला. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा हे सगळं फार सोयीचं वाटलं होतं.

मग पोळ्यानंतरच्या एका सोमवारी, भर अकरा वाजता, मी “हात?” ओरडलो आणि तीन आवाज आले.

“मोकये.” देवानंद.

“मोकयेऽऽ.” रंजीता.

“मोकये.”

मी बटन दाबलं. बोट दाबून मोकळं झाल्यावर डोक्यात उजेड पडला की आपण तीन ऐकले.

३

पत्र्याची शेड आहे, आवाज घुमतो. मी स्वतःला हेच सांगितलं. पण आवाज घुमतो तर माझा ‘हात?’ का घुमत नाही? तो तर सगळ्यात मोठा असतो. आणि घुमलेला आवाज मूळ आवाजासारखा असतो ना. हा ना देवानंदसारखा होता, ना रंजीतासारखा. बाईचा की माणसाचा तेही सांगता येत नव्हतं. एखादा माणूस हातातल्या कामावरून नजर न काढता उत्तर देतो, तसा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी देवानंदला बाजूला घेतलं.

“तुले आयकू येऊन राह्यलं का काही?”

“तिसरा ना? येते ना. मले वाटलं तुमीच मजा करून राह्यले.”

“मी काहून करीन मजा? मले कामं नाईत का?”

रंजीताला विचारलं तर ती म्हणाली, “मले वाटते बाहेरून कोनी वरडते, भाऊ. पोट्टे चिडवत असतीन.” मी बाहेर जाऊन पाहिलं. मागे तुरीचं शेत, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे बंद पडलेलं रसवंतीचं खोपटं. चिडवायला तिथे कोणी नव्हतं.

मग मी दोघांनाही चहाला पाठवलं आणि एकटाच बटनापाशी उभा राहून ओरडलो, “हात?”

काही नाही. वर पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, एवढंच. पुन्हा ओरडलो. काही नाही. फार बरं वाटलं. दोघं परत आले, आपापल्या जागी गेले, मी ओरडलो आणि तीन आवाज आले.

माणसाला कशाचीही सवय होते. पंधरा दिवसांत देवानंदने त्याचं नाव ‘पाव्हणा’ ठेवलं. एखाद्या दिवशी तिसरा आवाज जरा उशिरा आला की तो ओरडायचा, “ओ पाव्हणे, झोपले का?” रंजीता पत्र्यामागे हसायची. मीही हसायचो. माझी मोजणी आता दोनाची तीन झाली होती. तीन आले की बटन.

फक्त एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तो आवाज पहिल्यांदा छताकडून आल्यासारखा वाटायचा. आता तो पत्र्याच्या आडोशामागून यायचा.

४

आसेगावला एका गिऱ्हाइकाची ट्रॉली पाहायला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून काकांकडे गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. लेकीने चहा दिला. मी दसऱ्याचं आमंत्रण दिलं, इकडचं तिकडचं बोललो, आणि उठता उठता हसत हसत विषय काढला. हसत हसत म्हणजे, त्यांनी मला येड्यात काढलं तर माघार घेता यावी म्हणून.

काका हसले नाहीत.

“हात कायले पाह्यत नाई तू?” त्यांनी विचारलं.

“देवानंदचा खांदा धरला ना, काका. आवाज देतात ना दोघं.”

“आवाज! हात काय आयकाची चीज हाय का रे? हात पाह्याची चीज हाय.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, “त्याचा आवाज कोनासारखा हाय?”

“कोनासारखाच नाई.”

“मंग आजून टाइम हाय.”

“कायचा टाइम?”

 त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.  मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले आणि माझी बाही धरून म्हणाले, “कोनासारखा वाटला, तं त्या दिवशी बटन दाबू नको. आन हात पाह्यत जाय, बापा. चालत जाय आन पाह्य.”

परतताना गाडीवर मला त्यांचा राग आला. म्हातारे लोक अर्धं सांगतात आणि अर्धं आपल्या जिवाला घोर लावून ठेवतात. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की उद्यापासून हात उचलायचे. दुसऱ्या दिवशी तीन थ्रेशर दारात उभे होते. सोयाबीनचा हंगाम. राहून गेलं.

एक काम मात्र केलं. लेथच्या कर्कश आवाजाने रंजीताचं डोकं दुखायचं, म्हणून अकोल्याहून तिच्यासाठी कानात घालायचे पिवळे बोळे आणले. किती काळजी घेतो आपण, असंही मनात येऊन गेलं.

५

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांना सुट्टी. धुऊन-पुसून झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा. आणि काकांची आणखी एक रीत. ज्याने त्याने कुंकवात उजवा पंजा बुडवायचा आणि आडोशाच्या पत्र्यावर छाप उठवायचा. ज्याचे हात ह्या यंत्रांवर चालतात त्याचा छाप; मी फक्त बटन दाबतो, म्हणून माझा नाही.

देवानंदचा पंजा फावड्याएवढा. रंजीताचा छोटा, नीट. तिच्या चुलतबहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. तळहातावरची मेंदी ग्रीसने केव्हाच गेली होती, पण नखं लालभडक होती. मी तिला चिडवलं, “लेथवर काम करते का ब्यूटी पार्लरमंदी?” ती म्हणाली, “नखावरची लवकर जात नाई, भाऊ. नख वाढून निंघंन तवाच जाईन.”

देवानंदने खोबऱ्याचे तुकडे वाटले. एक तुकडा कागदावर ठेवून आडोशामागे सरकवला. “घ्या, पाव्हणे. तुमीबी स्टाफच हाय.” आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप मीच उघडलं. कागद रिकामा होता. उंदीर आहेतच. पण पत्र्यावर, रंजीताच्या छापाशेजारी, तिसरा छाप होता. अंगठा होता, करंगळी होती, तळवा होता. मधली तीन बोटं नव्हती.

कुंकू कमी पडलं असेल. रंजीताने गंमत म्हणून दुसरा छाप उठवला असेल आणि बोटं टेकली नसतील. मी जवळ जाऊन पाहिलं. तळव्याचं कुंकू जिथे संपत होतं तिथली कड कापल्यासारखी सरळ होती. मी ओल्या फडक्याने तो छाप पुसला आणि देवानंद यायच्या आत फडकं बाहेर फेकून दिलं.

६

त्यानंतर पाचवा दिवस. केनवडकडचा मदनसिंग नावाचा शेतकरी पहाटेपासून येऊन बसला होता. त्याच्या थ्रेशरचा शाफ्ट लेथवर चढवलेला होता, त्याचं सोयाबीन वावरात उघड्यावर पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. साडेदहाला लाइट गेली. अकरा वीसला आली.

“चालू करा ना, मालक,” मदनसिंग म्हणाला. “आभाय पाहून राह्यले ना तुमी?”

मी बटनापाशी गेलो आणि ओरडलो, “हात?”

“मोकये.” देवानंद.

“मोकयेऽऽ.” रंजीता.

मी तिसऱ्याची वाट पाहिली. आला नाही.

पुन्हा ओरडलो. पुन्हा दोनच. देवानंदने माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. “गेला वाट्टे पाव्हणा.”

खरं सांगतो, मला आनंद झाला. दीड महिन्याचं ओझं उतरलं. दोन माणसं, दोन आवाज, हिशेब जुळला. रंजीताचा ‘मोकये’ या वेळी पत्र्याच्या जरा वरून आल्यासारखा वाटला, उंचावरून. तेही मला कळलं. कळूनसुद्धा मी ते बाजूला सारलं, कारण हिशेब जुळत होता आणि माणूस दारात खोळंबला होता.

मी हिरवं बटन दाबलं.

शाफ्ट फिरला, पट्टे फिरले. आणि मग पत्र्यामागून जो आवाज आला त्याची मोजणी करायची गरज नव्हती. मी लाल बटन कधी दाबलं ते आठवत नाही. आडोशामागे गेलो तेव्हा रंजीता लेथच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली होती. गियरचं झाकण उघडून बाजूला ठेवलेलं होतं. आत अडकलेला लोखंडाचा कीस ती काढत होती. लाइट नव्हती तोवर काढून घ्यावा, म्हणून. कानांत पिवळे बोळे तसेच होते, लाइट गेल्यावर काढायचे राहिलेले.

तिला हाक ऐकूच गेली नव्हती.

बटनापासून आडोशाच्या कडेपर्यंत चौदा पावलं आहेत. नंतर मी मोजली. चौदा पावलं चालायचा मी कंटाळा केला.

७

उजव्या हाताची तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बोटं आणली का?” मी देवानंदला फोन केला. त्याने गियर खोलले, लेथखालचा सगळा कीस घरच्या चाळणीने चाळला, ऑइलचा ट्रे उपसला. मदनसिंगही त्याच्यासोबत खाली बसून शोधत होता. संध्याकाळी देवानंदचा फोन आला. तो रडत होता. “काहीच नाई, भाऊ. नख बी नाई. रगत हाय, पन बोटं नाईत.”

रंजीता शुद्धीवर आली तेव्हा मी तिला सांगितलं की मी दोनदा हाक दिली, दोनदा तुझं उत्तर आलं.

“मी मोकये म्हनलंच नाई, भाऊ.”

“मी आयकलं.”

 रुपाबाई खाली फरशीवर बसली होती. ती म्हणाली, “स्वतःले वाचवासाठी लेकरावर घालून राह्यले का, भाऊ?” आवाज चढवला नाही तिने. मग लेकीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत म्हणाली, “आता तं हिले कोयता बी धरता येनार नाई. त्याले बी बोटं लागतात.”

मला तिथे बसवेना. बाहेर जिन्यात जाऊन रडलो.

आसेगावला फोन केला. काकांच्या लेकीने उचलला. मी झालं ते सांगितलं. तिने आत जाऊन सांगितलं असावं. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, “बाबा नुसतं विचारतात, कोनासारखा होता म्हनून.”

मी फोन ठेवला.

८

शेड दीड महिना बंद होती. मी शाफ्टवरचे सगळे पट्टे उतरवले, फ्यूज काढून घरी नेले. देवानंद वाशिमला दुसरीकडे कामाला लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, रंजीता आली. एकटीच. लेथवर काम करताना ती बांगड्या काढून आडोशामागच्या खिळ्याला अडकवायची. त्या तिथेच राहिल्या होत्या.

मी कुलूप उघडलं. दारातून ऊन थेट पत्र्यापर्यंत येत होतं. दसऱ्याचे दोन छाप वाळून तपकिरी झाले होते. ती आत आली, पण आडोशामागे गेली नाही. बटनापाशी, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उजवा हात ओढणीखाली होता.

“बांगड्या आनून देऊ का?” मी विचारलं.

“थांबा.” ती पत्र्याकडे पाहत होती. “भाऊ, खरं सांगा. माहा आवाज आयकला होता तुमी? का आईपासून जीव सोडवासाठी म्हनून राह्यले?”

“तुही शप्पथ. दोनदा.”

“मंग हाक द्या.”

“काहून?”

“मले आयकू द्या. घरी कोनाचाच तुमच्यावर इश्वास नाई. मी ठेवू का नको, ते मले पाह्याचं हाय.”

मोटरला लाइट नव्हती. शाफ्टवर पट्टे नव्हते. आता कोणाला काही होण्यासारखं शिल्लकच नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.  मी ओरडलो, पण आवाज निम्माच निघाला.

“हात?”

“मोकयेऽऽ.”

रंजीताचा आवाज. शेवटी लांबवलेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रंजीताचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग पत्र्याच्या वरच्या कडेवर हात दिसले. काकांच्या नियमाप्रमाणे, दोन्ही, सावकाश वर येत होते. ग्रीसने काळे होते. वय सांगता येत नव्हतं, बाईचे की माणसाचे तेही नाही. मनगटाच्या खाली काय होतं ते पत्र्यामागे होतं आणि ते मला पाहायचंही नव्हतं. पण या वेळी मी ऐकण्यावर थांबलो नाही. मी बोटं मोजली. दहाच्या दहा होती. उजव्या हाताच्या मधल्या तिन्ही बोटांची नखं लालभडक होती.

रंजीताने माझी बाही धरली. अंगठ्याने आणि करंगळीने.

“भाऊ,” ती म्हणाली, “ती मेंदी माही हाय.”